धनुष्य, सरस आणि ओलावा

शार्ङ्गधर, शार्ङ्गपाणी ही विष्णूची नावे आपल्या नित्य परिचयाची आहेत. परंतु 'शार्ङ्ग' या शब्दाचा मूळ अर्थ 'शिंगाचे' असा आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराचे वर्णन करताना धनुष्यांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत ताड, बांबू व लाकूड यांच्या बरोबरीने शिंगाचाही निर्देश आहे. पुढील काळातील शिंगी धनुष्ये आज आपल्या देशातील आणि परदेशांतील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांच्या रंगीत, सोनेरी वेलबुट्टीखाली लाकडाचा गाभा, शिंगाच्या पट्ट्या, जनावरांच्या कंडरांचे तंतू आणि या सर्वांना एकजीव करणारा सरस दडलेला असतो.

अशा धनुष्याच्या बांधणीत खिळा नाही, की दोरीचा घट्ट आवळलेला वेढाही फारसा नाही. त्याचा सारा भार सरसावर असतो. आणि सरस हा पदार्थ तर पाण्यात शिजवून काढलेला, पाण्यात पातळ करून लावलेला आणि पाणी उडून गेल्यावर घट्ट झालेला. ज्या पाण्याच्या जाण्याने तो बळकट झाला, तेच पाणी परत आले तर काय होईल? शेकडो वर्षे धनुष्य घडविणाऱ्या कारागिरांपुढे हाच प्रश्न उभा होता. तो कसा उत्पन्न होतो आणि त्याची उत्तरे कोणकोणत्या देशांत कशी शोधली गेली, हे या लेखात पाहावयाचे आहे.

पाठ आणि पोट

धनुष्य ओढले असता त्याची धनुर्धराकडील बाजू दाबली जाते व पलीकडची बाजू ताणली जाते. दाबल्या जाणाऱ्या बाजूस आपण पोट म्हणू व ताणल्या जाणाऱ्या बाजूस पाठ. साधे लाकूड फारसा ताण सहन करू शकत नाही. त्याची लांबी शंभरात सुमारे एका भागाने वाढली की ते पाठीवर चिरकू लागते. म्हणूनच निव्वळ लाकडाचे बळकट धनुष्य करावयाचे तर ते माणसाच्या उंचीएवढे लांब करावे लागते. घोडेस्वाराला एवढे लांब धनुष्य अडचणीचे होते.

स्नायूला हाडाशी जोडणारी जी चिवट, पांढरट दोरी असते तिला कंडरा म्हणतात. कंडरा तुटण्यापूर्वी लाकडाच्या कित्येक पट ताणली जाते व सोडताच पूर्ववत होते. तेव्हा ती धनुष्याच्या पाठीवर बसविली तर धनुष्य आखूड असूनही खोलवर वाकू शकते. उत्तर अमेरिकेतील अनेक जमाती लाकडाच्या पाठीवर नुसता कंडरांचा थर देत. आशिया खंडात याच्या जोडीला पोटावर शिंगाची पट्टी बसविण्याची पद्धत रूढ झाली, कारण शिंग दाब उत्तम प्रकारे सोसते. इस्तंबूल येथील ओकमैदान या जागी तुर्की धनुर्धरांच्या लांब पल्ल्याच्या बाणांची स्मारके म्हणून दगडी स्तंभ उभारलेले आहेत. त्यांतील काही अंतरे ८०० मीटरहून अधिक आहेत. हे सामर्थ्य शिंग, लाकूड व कंडरा यांच्या मिलाफाचे होय.

हे काम मोठ्या सबुरीचे असे. वाळलेल्या कंडरा दगडावर वा लाकडावर हळूहळू ठेचून त्यांचे बारीक तंतू सुटे करावयाचे, त्यांतील चरबी धुऊन काढावयाची, कोमट सरसात ते भिजवावयाचे आणि धनुष्याच्या पाठीवर लांबीच्या दिशेने, एकाचे टोक दुसऱ्याच्या मध्यावर येईल अशा बेताने दाबून बसवावयाचे. एक थर वाळल्यावाचून दुसरा देता येत नाही. तुर्की धनुष्य सिद्ध होण्यास वर्षाहून अधिक काळ लागे, तो मुख्यतः या वाळवणीमुळे. सरस वाळताना आकसतो, कंडरांनाही आपल्याबरोबर आकसवतो आणि त्या ओढीने धनुष्य उलट दिशेला वाकते. तो ताण धनुष्यात कायमचा साठविला जातो. ओलाव्याने पहिली हानी होते ती याच साठ्याची.

एकच द्रव्य, दोन रूपे

कंडरा आणि सरस हे दिसावयास भिन्न पदार्थ. तथापि रसायनाच्या दृष्टीने ती एकाच द्रव्याची दोन रूपे होत. त्या द्रव्याचे नाव कोलाजेन. कातडी, हाडे, कंडरा यांना बळकटी देणारे हे प्रथिन आहे. त्याचे तंतू पाण्यात दीर्घकाळ तापविले की त्यांची वीण उसवते व जिलेटिन तयार होते. सरस म्हणजे असे थोडेसे अशुद्ध जिलेटिनच होय.

कोलाजेनच्या रेणूची वीण उलगडण्याच्या कार्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. १९५४ साली मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी 'नेचर' या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, कोलाजेनचा रेणू तीन साखळ्यांचा मिळून बनलेला असतो व पुढे १९५५ साली त्यांनी त्या साखळ्या एकमेकींभोवती दोरखंडाच्या पेडांप्रमाणे पिळलेल्या असल्याचे दाखविले. या साखळ्यांतील दर तिसरा घटक ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते, म्हणूनच त्या इतक्या जवळ येऊ शकतात. सरस शिजविताना हा तिपेडी दोर उलगडतो. सरस थंड झाला की पेड पुन्हा थोडेफार जुळतात व त्याचा गोळा बनतो. परंतु मूळचा व्यवस्थित पीळ पूर्णपणे परत येत नाही.

यावरून कारागिरांचा एक जुना नियम समजतो. सस्तन प्राण्याची ओली कंडरा सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअस तापमानास एकाएकी आकसते, कारण तेथे तिचा पीळ ढासळतो. म्हणून सरस कोमटच हवा. उकळत्या सरसात टाकलेली कंडरा आखडून रबरासारखी होते आणि धनुष्याच्या कामातून जाते. थंड पाण्यात राहणाऱ्या माशांचे कोलाजेन याहून कमी तापमानास उलगडते व त्याचा सरस चटकन गोठत नाही. त्यामुळे तंतू बसविण्यास कारागिराला अवधी मिळतो. माशाच्या पोटातील वायुकोशापासून, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील कोळी ज्याला बोत म्हणतात त्यापासून काढलेल्या सरसाला मान होता, त्याचे एक कारण हे असावे.

ओलावा काय करतो

कोलाजेन व जिलेटिन या दोहोंच्या रेणूंवर पाण्याला धरून ठेवणारी असंख्य स्थाने असतात. सरस लाकडाला चिकटतो तोही बव्हंशी याच स्थानांच्या बळावर. यास्तव ज्या गुणामुळे सरस हा सरस ठरतो, त्याच गुणामुळे तो पाण्याकडे ओढला जातो. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

वरवर कोरड्या दिसणाऱ्या सरसाच्या वडीतही शेकडा १० ते १५ भाग पाणी असते. हवेतील आर्द्रता वाढली की हे प्रमाण वाढत जाते व अतिशय दमट हवेत ते कोरड्या सरसाच्या एक-चतुर्थांशाहूनही अधिक होते. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देतात. काचेसारखा कठीण सरस आधी चामड्यासारखा व मग रबरासारखा होतो. पाऊस अंगावर पडण्याची आवश्यकता नाही, नुसती दमट हवा पुरते. अशा वेळी धनुष्य मऊ पडते, बाणाचा वेग घटतो, कंडरांचा थर फुगून सैलावतो आणि ओढताना थर एकमेकांपासून सुटू लागतात. ओलावा टिकून राहिला तर बुरशी येते व ती सरस खाऊन टाकते. उलटपक्षी, हवा फार कोरडी झाली तर सरस ठिसूळ होऊन त्याला तडे जातात. म्हणजे धनुष्याला ओलावा नको असे नव्हे, तर त्यात फार चढउतार नको.

कोलाजेनवर ओलाव्याचा दीर्घकाळ परिणाम होऊ दिला तर काय होते, याचे उदाहरण इजिप्तमध्ये मिळाले. १९२२ साली तुतनखामेन राजाची कबर सापडली. तेथील वस्तूंमध्ये संयुक्त धनुष्येही होती. कबरीत शिरलेल्या दमटपणामुळे रथांच्या साजाचे चामडे काळ्या चिकट लगद्यासारखे झालेले उत्खनकांना आढळले. कोलाजेनचे जिलेटिन करण्याचे जे काम सरसवाला आपल्या कढईत काही तासांत करतो, तेच निसर्गाने तेथे शतकानुशतके सावकाश केले होते.

वेष्टनाचा मार्ग

ओलाव्यापासून बचाव करण्याचा पहिला मार्ग वेष्टनाचा. चीनमध्ये व मध्य आशियात कंडरांच्या पाठीवर भूर्जवृक्षाची साल चिकटवीत. आपल्या हिमालयातील भूर्जपत्र याच कुळातले. ज्या सालीवर प्राचीन ग्रंथ लिहिले गेले व टिकले, तिच्यात पाण्याशी न मिसळणारी मेणासारखी द्रव्ये भरपूर असतात. शिवाय ती पातळ व लवचिक असल्याने धनुष्याबरोबर वाकते. तुर्की कारागीर पातळ चामडे चिकटवून त्यावर रंग व रोगण चढवीत. उत्तर अमेरिकेतील काही जमाती पाठीवर सापाची कात नव्हे, तर सापाची कातडीच बसवीत. तिच्या खवल्यांतील शृंगद्रव्य पाण्याला सहजासहजी वाट देत नाही.

जपानी धनुष्य बांबू व लाकूड यांच्या पट्ट्या सरसाने जोडून केलेले असते. ते पावसात वापरावयाचे असेल तर त्यावर एका विशिष्ट वृक्षाच्या चिकाचे रोगण चढवीत. या रोगणाचा एक गुण मोठा विलक्षण आहे. ते कोरड्या हवेत वाळत नाही. त्याला घट्ट होण्यासाठी दमट हवाच लागते. ओलाव्यापासून रक्षण करणारे कवच येथे ओलाव्याच्याच साहाय्याने तयार होते.

तेल, मेण आणि लाख

दुसरा मार्ग लेपांचा. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात ओडिसियसचे धनुष्य वाकविण्यासाठी मागणी घालणारे तरुण ते विस्तवाजवळ धरतात व त्याला चरबी चोळतात, असा प्रसंग आहे. स्वतः ओडिसियस धनुष्य हाती घेतल्यावर आधी त्याच्या शिंगाला कीड तर लागली नाही ना, हे निरखून पाहतो. ते धनुष्य शिंग व कंडरा यांचे असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

चरबीचा हात दिल्याने पावसाचे थेंब ओघळून जातात हे खरे. परंतु थेंब निराळे आणि बाष्प निराळे. बाष्पाचे सुटे रेणू तेलाच्या पातळ थरातून बऱ्याच सहजतेने आरपार जातात. जवसाच्या तेलाची गोष्ट थोडी वेगळी आहे. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात व त्याचा लवचिक पापुद्रा बनतो. तरीही बाष्प अडविण्यात तो मध्यमच ठरतो. मेण व लाख ही याहून सरस. लाख ही तर आपल्या देशाची खास संपत्ती. पळस, बोर व कुसुम या वृक्षांवर वाढणाऱ्या कीटकांपासून ती मिळते व झारखंड हे तिचे आजचे मुख्य उत्पादनक्षेत्र आहे. मद्यार्कात विरघळवून लाखेचे पातळ हात दिले असता बाष्पाला चांगला अटकाव होतो. मात्र लाख ठिसूळ असते. धनुष्य शेकडो वेळा वाकते, तेव्हा जाड लेपाला सूक्ष्म चिरा पडतात आणि ओलावा नेमका तेथून आत शिरतो. म्हणून एकाच जाड थरापेक्षा पुष्कळ पातळ थर बरे, आणि लवचिक आवरणावर रोगणाचा थर असे दुहेरी कवच तर त्याहून बरे.

कमावण्याचा मार्ग

तिसरा मार्ग अधिक मूलगामी आहे. पाण्याला बाहेर ठेवण्याऐवजी सरसाचाच स्वभाव बदलावयाचा. हीच किमया चर्मकार चामडे कमावताना करतो. हिरडा, बाभळीची साल, तरवड यांच्या काढ्यात टॅनिन नावाची द्रव्ये असतात. ती कोलाजेनच्या साखळ्यांना आडव्या बंधांनी एकमेकींशी जोडतात. कच्चे कातडे ६० ते ६५ अंशांस आकसते, तर अशा रीतीने कमावलेले चामडे ७५ ते ८५ अंशांपर्यंत टिकते. तुरटीनेही काही प्रमाणात असेच बंध निर्माण होतात, परंतु ते दुबळे असतात. धुरातील अल्डिहाइड द्रव्ये हेच कार्य करतात. उत्तर अमेरिकेतील जमाती हरणाचे कातडे धुरी देऊन कमावीत, त्यामागील रहस्य हेच.

मग टॅनिन सरसातच का मिसळू नये? तसे केल्यास सरस भांड्यातच फाटतो, त्याच्या गुठळ्या होतात व तो लाकडात मुरत नाही. म्हणून थर बसून वाळल्यावर पृष्ठभागावरच हा उपचार करणे इष्ट ठरते. येथे आणखी एक मर्यादा आहे. आडव्या बंधांनी जखडलेला सरस पाण्यात विरघळत नाही हे खरे, परंतु तो पाणी शोषून फुगतो, मऊ पडतो आणि बंध फार झाले तर ठिसूळही होतो. विरघळणे थांबले म्हणून ओलसर होणे थांबत नाही.

विश्रांती आणि ऊब

या सर्व उपायांच्या जोडीला निगा राखण्याची शिस्त होती. तुर्की धनुर्धर नेमबाजीपूर्वी धनुष्ये काही काळ उबदार, कोरड्या पेटीत ठेवीत. कोकणात पावसाळ्यात चुलीच्या वर वस्तू टांगून कोरड्या राखतात, त्यातलाच हा प्रकार.

कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा पुरुष १९११ साली ओरोव्हिल या गावी लोकांच्या दृष्टीस पडला. त्याला इशी या नावाने ओळखतात. त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ 'माणूस' असा आहे. डॉ. सॅक्स्टन पोप यांनी त्याच्यापासून धनुर्विद्या शिकून घेतली व १९१८ साली तीवर प्रबंध प्रसिद्ध केला. इशी जुनिपर वृक्षाच्या लाकडाला हरणाच्या कंडरांची पाठ देत असे आणि सॅमन माशाच्या कातडीचा सरस वापरी. वापर नसताना धनुष्य उभे ठेवू नये, उभे राहिलेले धनुष्य थकते व त्याला घाम सुटतो, असे तो सांगे. शास्त्राच्या परिभाषेत हे विधान बसणार नाही. परंतु धनुष्य हवेशी सतत देवघेव करीत असते, हे त्याने अचूक ओळखले होते.

दोन निराळे उपाय

काहींनी हा प्रश्न सोडविण्याऐवजी टाळला. भिल्ल, संथाळ इत्यादी आपल्या आदिवासी बांधवांचे धनुष्य बांबूचे असते. त्यात सरसाचा सांधा नसल्याने पावसाळ्याचे त्याला विशेष भय नाही. दुसरा उपाय हिंदुस्थानातील शस्त्रकारांनी योजला. त्यांनी शिंगी धनुष्याच्या आकाराचीच पोलादी धनुष्ये घडविली. पोलादाची भुजा जड असल्याने ती तितक्या चपळाईने परत फिरत नाही व बाणाला तितका वेग मिळत नाही. तथापि असे धनुष्य शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिले तरी ऐन वेळी उपयोगी पडते. चपळाई द्यावी व भरवसा घ्यावा, असा हा सौदा होता.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

वरील गोष्टींची प्रचीती विद्यार्थ्यांना सहज घेता येईल. खाण्याचे जिलेटिन गरम पाण्यात विरघळवून प्लॅस्टिकच्या सपाट कागदावर पातळ ओतावे व पूर्ण वाळू द्यावे. त्याच्या चार सारख्या पट्ट्या कापाव्या. पहिली तशीच ठेवावी. दुसरीला दोन्ही बाजूंनी जवसाचे तेल लावून आठवडाभर वाळवावे. तिसरीला मद्यार्कातील लाखेचे दोन हात द्यावे. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली व विस्तवापासून दूर करावे. चौथी पट्टी हिरड्याच्या किंवा कडक चहाच्या गार काढ्यात काही तास भिजवून वाळवावी.

आता एका बरणीच्या तळाशी मीठ घेऊन ते ओले राहील एवढेच पाणी घालावे. अशा बरणीतील हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ७५ च्या आसपास स्थिर राहते. पट्ट्यांची वजने नोंदवून त्या मिठाला स्पर्श न होईल अशा रीतीने जाळीवर ठेवाव्या, झाकण घट्ट लावावे आणि रोज नाजूक तराजूवर वजन करावे. साधी पट्टी झपाट्याने जड होईल, तेलाची फारशी मागे राहणार नाही, लाखेची मात्र पुष्कळ रेंगाळेल. पुरेसे दिवस जाऊ दिले तर लाखेच्या पट्टीतील जिलेटिनही अखेर पाणी घेईलच. चौथी पट्टीही जड होईल. शेवटी पहिली व चौथी पट्टी ५० अंश तापमानाच्या पाण्यात टाकावी. पहिली विरघळून जाईल. चौथी मऊ पडेल, पण विरघळणार नाही.

गुण आणि दोष यांचे एकच मूळ

या प्रयोगाचे तात्पर्य तेच जुन्या कारागिरांच्या अनुभवाचे तात्पर्य होय. ओलाव्याला कायमचा मज्जाव करणारा लेप त्यांच्यापाशी नव्हता. त्यांनी साधले ते एवढेच की, ओलाव्याची वाट लांबविली. पदार्थात बाष्प झिरपण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ सुमारे चौपट होतो. त्यावर साल, चामडे व रोगण यांचा अटकाव पडला की रात्रीचे दव आत पोचण्यापूर्वी सकाळचे ऊन येते, आणि पावसाची झड गाभ्याला कळण्यापूर्वी धनुष्य पुन्हा पेटीत जाते. सैनिकाचे प्राण वाचविण्यास तेवढी सवड पुरेशी होती.

आज ही धनुष्ये रणांगणात नाहीत. त्यांची लढाई आता संग्रहालयांत चालू आहे. मुंबईसारख्या शहरात पावसाळ्यात हवेची आर्द्रता शेकडा ८० च्या वर जाते व हिवाळ्यात पुष्कळ उतरते. या चढउतारांत सरस दरवर्षी फुगतो व आकसतो, आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. एखाद्या भाबड्या माणसाला वाटेल की, आधुनिक वॉर्निशाचा जाड थर चढविला म्हणजे झाले. परंतु आत अडकलेला ओलावा मग बाहेर पडू शकत नाही व बुरशीला आयते घर मिळते. शिवाय मूळ रंगकाम कायमचे झाकले जाते. म्हणून जाणते संग्रहपाल लेपापेक्षा भोवतालच्या हवेची आर्द्रता स्थिर राखण्याकडे अधिक लक्ष देतात.

सरसाच्या या दुबळेपणाला दुसरी बाजूही आहे. सुटलेला सांधा कोमट पाण्याने मोकळा करता येतो व ताज्या सरसाने पुन्हा जोडता येतो. व्हायोलिन घडविणारे आजही याच कारणासाठी सरस पसंत करतात. जो सांधा कधीच सुटणार नाही, तो दुरुस्तही होणार नाही. पाण्याला शरण जाणारा सरस मात्र पाण्याच्याच साहाय्याने नवा होतो, आणि शेकडो वर्षांपूर्वी कोणा अनाम कारागिराने जोडलेले धनुष्य आपल्या हातून आणखी काही पिढ्या टिकण्याची आशा त्यामुळेच उरते.